स्वप्न एकाचे, रक्त दुसऱ्याचे

(कळवा येथे कार्यकर्ते व नागरिक यांच्यासमोर झालेल्या भाषणाची ही संहिता.)



१५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती या ज्येष्ठ माओवादी नेत्याने साठ सहकाऱ्यांसह मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्र खाली ठेवले. ही छायाचित्रे सर्वांनीच पाहिली. पोलीस दलाच्या चिकाटीचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. परंतु त्या छायाचित्रांत एक प्रश्न दडलेला होता, त्याची चर्चा फारशी झाली नाही. भूपती तेलंगणातल्या पेद्दपल्लीचा. सशस्त्र लढा आता चालू ठेवता येणार नाही, या निष्कर्षाला तो चार दशकांनंतर आला आणि परत फिरला. त्याच्या शब्दावर विसंबून सोळाव्या-सतराव्या वर्षी बंदूक उचललेली आणि मधल्या काळात जंगलातच मातीला मिळालेली माडिया, गोंड मुले मात्र कोणत्याही निष्कर्षाला येऊ शकली नाहीत. ते युद्ध नेमके कोणाचे होते? आणि परक्या स्वप्नासाठी वनवासी बांधवांना रणात ओढण्याचा अधिकार कोणाला असतो का? आजचा विषय हा आहे.

रामायण आणि भारत

या प्रश्नाचे माप परदेशातून आणण्याची गरज नाही. आपल्या दोन महाकाव्यांत ते दोन्ही बाजूंनी दिलेले आहे.

प्रभू रामचंद्रांनी वानरांचे साहाय्य घेतले, ते कसे? ऋष्यमूक पर्वतावर अग्नीला साक्षी ठेवून सख्य झाले. सुग्रीवाचे दुःख आधी ऐकले गेले, त्याचे राज्य आधी त्याला मिळाले आणि मग सीताशोधाचे काम निघाले. युद्ध संपल्यावर इंद्र वर देण्यास सिद्ध झाला तेव्हा रामाने काय मागितले? आपल्यासाठी जे वानर रणात पडले ते पुन्हा उठावेत, एवढेच. विजयी राजाची पहिली मागणी मेलेल्या सहकाऱ्यांच्या प्राणांची होती. त्यानंतर अयोध्येत त्यांचा सन्मान झाला आणि ते आपल्या घरी परतले.

आता महाभारताकडे पाहा. हिडिंबेचा पुत्र घटोत्कच वनात वाढला. राज्याच्या वाट्याशी त्याचा संबंध नव्हता. पित्याने स्मरण केले म्हणून तो आला. चौदाव्या दिवशीच्या रात्रियुद्धात कर्णाने अर्जुनासाठी राखून ठेवलेली शक्ती त्याच्यावर सोडली आणि तो कोसळला. पांडव शोकात बुडाले असताना श्रीकृष्णाला हर्ष झाला, कारण अर्जुनावरचे संकट टळले होते. व्यासांनी हा प्रसंग झाकून ठेवलेला नाही. धर्माच्या बाजूने लढणाऱ्यांच्या हातूनही वनातल्या माणसाचा ढालीसारखा उपयोग होऊ शकतो, याची ती नोंद आहे.

या दोन कथांतून तीन कसोट्या निघतात. शत्रू कोणी ठरवला, लढणाऱ्याने की त्याला बोलावणाऱ्याने? लढणाऱ्याला मधूनच परत फिरण्याची वाट मोकळी आहे का? आणि युद्ध संपल्यावर त्याचे ऋण कोण फेडतो? पुढचा सारा इतिहास या तीन प्रश्नांवर घासून पाहता येतो.

ठाण्याच्या तुरुंगापासून

कळव्याचा पूल ओलांडला की ठाण्याचे कारागृह येते. त्या जुन्या किल्ल्यात २ मे १८४८ रोजी राघोजी भांगरे यांना फाशी देण्यात आली. अकोले परिसरातील हा महादेव कोळी वीर सावकारांच्या आणि त्यांना पाठीशी घालणाऱ्या कंपनी सरकारच्या विरोधात उठला होता. त्याचा शत्रू त्याने स्वतः ठरवला होता. डोंगरातले त्याचे लोक ज्या कर्जखतांखाली चिरडले जात होते, त्या कर्जखतांविरुद्धचे ते युद्ध होते.

राघोजींच्या फाशीला दहा वर्षेही झाली नव्हती. १८५७ मध्ये नगर-नाशिक भागात भागोजी नाईकांच्या नेतृत्वाखाली भिल्ल उठले. तेव्हा इंग्रजांनी काय केले? कॅप्टन नटॉल याच्या हाताखाली त्यांनी त्याच डोंगरांतल्या महादेव कोळ्यांची पलटण उभी केली. ज्यांच्या नेत्याला ठाण्यात फासावर चढवले, त्यांच्याच हाती शस्त्र देऊन शेजारच्या भिल्लांवर सोडले. १८५९ मध्ये भागोजी नाईक मारले गेले. उठाव शमला आणि १८६१ मध्ये ती पलटणही मोडण्यात आली. खानदेशात याआधीच, १८२५ मध्ये, जेम्स औट्रॅम याने भिल्लांची पलटण उभारून हा मार्ग घालून दिला होता. रानवाटा ठाऊक असलेला, काटक, अल्पसंतुष्ट आणि शब्दाला जागणारा माणूस साम्राज्याला स्वस्तात मिळत होता. गरज संपली की त्याला निरोप देता येत होता. साम्राज्य राखण्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

इंग्रज गेले, पण ही रीत जगातून गेली नाही. १९६० नंतर लाओसच्या डोंगरांत अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेने ह्मॉंग जमातीला शस्त्रे दिली. वांग पाओ हा त्यांचा सेनापती. अमेरिकेचे युद्ध साम्यवादाशी होते, ह्मॉंग लोकांचे घर त्या वाटेत होते. तरुण मेले तेव्हा कोवळी मुले भरती झाली. मे १९७५ मध्ये लाँग चेंगच्या तळावरून वांग पाओ आणि काही हजार माणसे विमानांनी बाहेर काढली गेली. बाकीचे धावपट्टीवर उभे राहिले. पुढच्या वर्षांत लाखाहून अधिक ह्मॉंग मेकाँग ओलांडून थायलंडच्या छावण्यांत आले. नेपाळमधील मुस्तांगच्या तळावर असलेल्या तिबेटच्या खम्पा योद्ध्यांची कथा आणखी हृदयद्रावक आहे. त्यांचा शत्रू त्यांचाच होता, युद्धही त्यांचेच होते, पण मित्राचे गणित निराळे होते. फेब्रुवारी १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी पेकिंगला जाऊन माओंशी हस्तांदोलन केले. त्या नव्या गणितात खम्पांना जागा नव्हती. १९७४ मध्ये त्यांना शस्त्रे ठेवावी लागली.

चीनचे अध्यक्ष, आमचे मृत्यू

निक्सन-माओ भेटीचा हा प्रसंग ध्यानात ठेवावा, कारण त्याच माओंच्या नावाने त्या वेळी बंगालमध्ये रक्त सांडत होते. मे १९६७ मध्ये नक्षलबारीत संथाळ आणि इतर भूमिहीन शेतकरी जमिनीसाठी उठले. २५ मे रोजी पोलिसांच्या गोळीबारात अकरा जण मरण पावले, त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. जमिनीचा तो प्रश्न खरा होता. पण चारू मजुमदार यांच्या लेखी तो भारतीय भूमिहीनाचा प्रश्न उरला नाही. पेकिंगच्या नभोवाणीने त्या उठावाची वाहवा केली, तिथल्या पक्षपत्राने त्याला वसंतातला मेघगर्जनेचा कडकडाट म्हटले आणि कोलकात्याच्या भिंतींवर ‘चीनचे अध्यक्ष आमचे अध्यक्ष’ अशी घोषणा उमटली. अवघ्या पाच वर्षांपूर्वी याच चीनने या देशावर आक्रमण केले होते! गंमत अशी, की १९७० मध्ये चीनला गेलेल्या सौरेन बोस यांना चिनी नेत्यांनीच ही घोषणा चुकीची असल्याचे सुनावले. ज्यांचे स्वप्न उसने घेतले, त्यांनाही ते नको होते. संथाळांना मात्र हे कोणी विचारलेही नव्हते.

हेच स्वप्न १९८० मध्ये महाराष्ट्रात आले. त्या वर्षी कोंडापल्ली सीतारामय्या यांनी पीपल्स वॉर ग्रुप स्थापन केला आणि त्याची सशस्त्र पथके नदी ओलांडून सिरोंच्यात उतरली. ती का आली, हे नीट समजून घेतले पाहिजे. तेलंगणात पोलिसांचा दबाव वाढला तर मागे सरकण्यासाठी दाट जंगलाचा आडोसा हवा होता. माओंच्या दीर्घकालीन लोकयुद्धाच्या सिद्धांतात अशा दुर्गम तळाला मोठे महत्त्व आहे. खेडी जिंकावीत, शहरे वेढावीत आणि शेवटी दिल्ली घ्यावी, असा तो आराखडा. त्या आराखड्यात भामरागड, एटापल्ली, अबूझमाड यांची निवड झाली ती भूगोलामुळे. तिथली माणसे त्या भूगोलाबरोबर आली.

हे म्हणताना दुसरी बाजू लपवता कामा नये. माडिया माणसाला तेव्हा वनरक्षक, तेंदूपत्त्याचा ठेकेदार, कागद गिरणीसाठी बांबू तोडून घेणारा कंत्राटदार असे सारेच लुबाडत होते. बंदुकीच्या धाकाने मजुरीचे दर वाढले, कोंबडी-बकरी उचलून नेणारा शिपाई पाड्यावर येईनासा झाला. लोकांना बरे वाटले, ते स्वाभाविक होते. शासन तिथे पोहोचले नव्हते आणि समाजही पोहोचला नव्हता. पण दर वाढवून देणे हे आमिष होते, ध्येय नव्हते. ध्येय दिल्लीचे होते. म्हणून मजुरी वाढल्यावर युद्ध थांबले नाही. प्रत्येक गावाकडून मुले मागितली जाऊ लागली, बालपथके निघाली आणि ज्याने प्रश्न विचारला तो पोलिसांचा खबऱ्या ठरला. गडचिरोली जिल्ह्यात माओवाद्यांनी पाचशेहून अधिक सामान्य नागरिकांना ठार केले, त्यांत बहुसंख्य वनवासीच आहेत. ज्यांच्या मुक्तीसाठी युद्ध, त्यांचेच गळे प्रथम कापले गेले.

रणाच्या दोन्ही बाजूंना कोण होते? २००९ या एका वर्षात १ फेब्रुवारीला मरकेगावला पंधरा, २१ मे रोजी हत्तीगोट्याजवळ सोळा आणि ८ ऑक्टोबरला लाहेरीत सतरा पोलीस धारातीर्थी पडले. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, जांभूळखेड्याच्या स्फोटात सी-६० दलाचे पंधरा जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला. हे दल स्थानिक तरुणांतून उभे राहिलेले. एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर-बोरियाच्या चकमकीत चाळीस माओवादी मारले गेले, त्यांतही कोवळ्या वयाची जनजातीय मुले-मुली होती. एकाच बोलीत रडणाऱ्या आया दोन्हीकडे होत्या. आणि नेतृत्व? गणपती, किशनजी, बसवराजू, भूपती ही सारी गोदावरीपलीकडची सुशिक्षित मंडळी. वरंगळचा अभियंता, वाणिज्याचा पदवीधर अशी त्यांची ओळख. माडवी हिडमासारखा बस्तरचा एखादा तरुण मध्यवर्ती समितीपर्यंत पोहोचला, तोही लढवय्या म्हणून.

इथे एक आक्षेप हमखास येतो. या नेत्यांनीही सुखाचे आयुष्य सोडले होते, हा त्याग नव्हे का? मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकलेल्या अनुराधा गांधी दंडकारण्यात गेल्या आणि २००८ मध्ये मलेरियाने वारल्या. त्यांच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचे कारण नाही. पण नीतीचा प्रश्न प्रामाणिकपणाने सुटत नाही. स्वतःचा प्राण वेचणे हा त्याग आहे. दुसऱ्याचा प्राण आपल्या स्वप्नासाठी वेचणे याला मात्र त्याग म्हणता येणार नाही, स्वप्न पाहणारा कितीही निःस्वार्थी असला तरी.

लढा त्यांचा असतो तेव्हा

मग वनवासींनी लढूच नये काय? असे म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातले उदाहरण घ्यावे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथे आलेल्या वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी या दोन गुलाम्यांची कहाणी सांगितली. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने जमीनदाराकडे आयुष्यभर राबायचे, ही ती लग्नगडी. गोदावरी व शामराव परुळेकर यांनी डहाणू-तलासरीत हा लढा उभा केला. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला गोळीबारात पाच वारली मरण पावले, जेठ्या गांगड हे त्यांतले एक नाव. परुळेकर दाम्पत्य कम्युनिस्ट होते आणि त्यांच्या विचारांशी या व्यासपीठाचे मतभेद जगजाहीर आहेत. पण सत्य सांगितलेच पाहिजे: वेठ हा वारल्यांचाच शत्रू होता, तो त्यांच्या अंगणात उभा होता आणि वेठ संपली तेव्हा जय त्यांच्या हाती लागला. पहिल्या कसोटीला तो लढा उतरतो. गडचिरोलीतले युद्ध उतरत नाही.

जे माप परक्याला, तेच आपल्याला लावले तरच त्याला न्याय म्हणतात. म्हणून सलवा जुडूमचा उल्लेख टाळून चालणार नाही. जून २००५ मध्ये बस्तरच्या विजापूर भागात माओवाद्यांच्या जाचाविरुद्ध गावकरी उठले, त्यात त्यांचा स्वतःचा संताप निःसंशय होता. पण लवकरच ती शासनाची मोहीम झाली. राज्यात भाजपचे सरकार होते, नेतृत्व काँग्रेसच्या महेंद्र कर्मा यांचे होते, म्हणजे दोघांनाही जबाबदारी टाळता येत नाही. महिना पंधराशे रुपयांवर हजारो तरुणांना विशेष पोलीस अधिकारी नेमून बंदुका दिल्या गेल्या. प्रशिक्षण तुटपुंजे, निवृत्तिवेतनाचा पत्ता नाही आणि गावी परत जाण्याची सोय नाही, कारण गावात माओवादी वाट पाहत होते. शेकडो गावे ओस पडली. कुटुंबे छावण्यांत आली, काही गोदावरी ओलांडून गेली. १५ मार्च २००७ रोजी राणीबोदलीच्या छावणीवर हल्ला झाला. पंचावन्न जण मारले गेले, त्यांत एकोणचाळीस हे असे अल्पवेतनी नेमलेले तरुण होते. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था घटनाबाह्य ठरवली. त्या निकालपत्राच्या भाषेवर टीका झाली, ती करता येईल. पण त्यामागचा सवाल खोडता येत नाही: राज्याला लढायचे असेल तर त्याने आपला शिपाई प्रशिक्षण, वेतन, कायदा आणि निवृत्तिवेतन यांसह उभा करावा. अर्धशिक्षित पोराला स्वस्तात ढाल करू नये. घटोत्कचाची कथा विसरली की असे होते.

बांबू कोणाचा?

बंदुकीवाचून काही मिळत नाही, असे तरुणांना सांगितले गेले. त्याचे उत्तरही गडचिरोलीतच मिळाले. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या लहानशा गोंड गावाने देवाजी तोफा यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे ग्रामसभा भरवली. निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने घ्यायचे, हा त्यांचा दंडक. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्यांना सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा अधिकारही. ज्या बांबूची मजुरी वाढवून देतो म्हणून पथके आली, त्या बांबूची मालकीच मेंढ्याने मिळवली. एकही गोळी झाडली नाही आणि एकही मूल कोणाला द्यावे लागले नाही. बाहेरची शहाणी माणसे त्यांच्याकडे गेली, अभ्यास सांगितला, निर्णय गावावर सोडला. सहकार्य असे असते.

आता अखेरचा मुद्दा, आणि तो कळव्यातल्या घराघरासाठी आहे. कळव्याहून कसाऱ्याच्या दिशेने तास-दीड तास गेले की शहापूरचे पाडे लागतात. कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, मुलांची शाळा सुटते. ठाण्या-मुंबईत मोर्चा असला की सर्वच पक्षांचे ट्रक या पाड्यांवर जातात. हातात झेंडा दिला जातो, घोषणा शिकवली जाते, संध्याकाळी माणसे परत सोडली जातात. मोर्चा कशासाठी होता, हे त्यांतल्या अनेकांना विचारले तर सांगता येत नाही. बंदूक आणि झेंडा यांत फरक फार मोठा आहे, पण वृत्ती एकच: आपल्या स्वप्नाला संख्या हवी, ती तिकडून आणावी.

१९५२ मध्ये जशपूरला बाळासाहेब देशपांडे यांनी कल्याण आश्रमाचे काम आरंभले, तेव्हापासून अनेक कार्यकर्त्यांनी वनात आयुष्ये वेचली. त्या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्याने तर या कसोट्या स्वतःला अधिकच कठोरपणे लावल्या पाहिजेत. पाड्यावर जाताना आपला कार्यक्रम घेऊन जायचे की त्यांचे दुःख ऐकायला जायचे? वनवासी बांधव आपल्या कार्याचा कच्चा माल नाही. तो आपला भाऊ आहे, आणि भावाला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क असतो. त्याने ‘नाही’ म्हटल्यावरही ज्याचे पाड्यावर जाणे थांबत नाही, तोच खरा कार्यकर्ता.

गडचिरोलीत शस्त्र ठेवलेल्या त्या साठ जणांतले आणि त्यांच्या आधी परतलेले तरुण आता गावाकडे निघाले आहेत. त्यांच्या शेजारच्या घरात कदाचित खबऱ्या म्हणून मारल्या गेलेल्या माणसाची विधवा राहत असेल, तिसऱ्या घरात हुतात्मा जवानाचे वृद्ध आईवडील. युद्ध ज्यांनी आखले ते आपापल्या निष्कर्षाला आले. त्याचा हिशेब या तीन घरांना चुकता करायचा आहे. तिथे शाळा नियमित उघडते का, दवाखान्यात डॉक्टर असतो का, वनहक्काचा दावा धूळ खात पडतो का, यावर शांतता टिकेल की नाही ते ठरेल. रामाने इंद्राकडे पडलेल्या वानरांचे प्राण मागितले. मेलेल्यांना उठवणे आपल्या हाती नाही. जे परतले आहेत त्यांना पुन्हा कोणाच्या स्वप्नासाठी जंगलात जावे लागू नये, एवढे मात्र समाज म्हणून आपल्या हाती आहे. ते केले नाही, तर पोकळी पुन्हा निर्माण होईल आणि पोकळीत दुसऱ्या कोणाचे तरी स्वप्न शिरेल.

भारतमाता की जय.